अमळनेरला ४० बाय ६० चा पश्चिममुखी प्लॉट, घराच्या प्लॅनवर सल्ला हवा

बोरीकाठ:
राम राम मंडळी. अमळनेरला ४० बाय ६० चा प्लॉट आहे, रस्ता पश्चिमेला. घरात आईवडील, आम्ही दोघं, दोन मुलं, आणि पुण्याचा लहान भाऊ सहकुटुंब सणाला येतो. प्लॅन हातात आलाय पण मन लागत नाहीये. समोर डबल हाइट (दोन मजल्यांइतका उंच) हॉल, त्याला पश्चिमेकडे मोठी काच, वर बाल्कनी, आईवडिलांची खोली नैऋत्येला. थ्रीडी चित्रात फार छान दिसतं, बायकोलाही आवडलंय, पण वडिलांनी कागद पाहिला आणि एवढंच म्हणाले, "यामा वटा कोठे शे?" (यात ओटा कुठे आहे?) आणि कागद परत दिला. आईचे गुडघे दुखतात. शेतातली दादर ज्वारी आणि गहू वर्षभराचा घरातच ठेवतो. आणि आमच्याकडे कानबाई (खानदेशातला देवीचा सण) बसते, तेव्हा सगळी भाऊबंदकी घरी असते, ४०-५० माणसं. ज्यांनी आपल्याकडे घर बांधलंय त्यांनी सांगा, काय बदलू?

भुसावळचा_साइटवाला:
भाऊ, आधी ती पश्चिमेची काच काढा. मी वीस वर्षं साइटवर आहे म्हणून कळकळीने सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि दुपारी तीननंतर ऊन तिरपं होऊन सरळ घरात शिरतं, तिथे छज्जा काही कामाचा नाही. दक्षिणेचं तसं नाही, उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो म्हणून दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटी छज्जा पुरतो. म्हणून पश्चिमेला जिना, बाथरूम, पार्किंग असलं काहीतरी टाका म्हणजे तेच ऊन खाईल आणि आतल्या खोल्या वाचतील. वास्तूमुळे नैऋत्येची बेडरूम ठेवायचीच असेल तर पश्चिमेच्या भिंतीला खिडकी नको, भिंतभर कपाटं करा आणि खिडकी दक्षिणेला घ्या. बाहेरची भिंत ९ इंचीच पाहिजे, जागा वाचवायला ४ इंची करू नका.

डबल हाइटचंही सांगतो, हॉलवर खोली असली की स्लॅबचं ऊन ती खोली झेलते, डबल हाइटमध्ये तापलेला स्लॅब थेट हॉलच्या डोक्यावर येतो आणि भावासाठी वर होणारी एक खोली पण जाते. गच्चीवर पांढऱ्या चिनी टाइल्सचे तुकडे बसवा, खालच्या खोलीत फरक हाताला कळतो.

आणि एक विचारतो, माती काळी आहे का? काळी असेल तर मुरूम किंवा पक्का थर लागेपर्यंत पाया न्या, खोल असेल तर इंजिनिअरला पाइल फाउंडेशनचं (जमिनीत खोल खांब घालून केलेला पाया) विचारा. उन्हाळ्यात ती माती भेगाळते, पावसात फुगते, आणि प्लिंथमध्ये (जोत्यात) तीच माती भरली तर दोन-तीन वर्षांत फरशी वर येते. भराव मुरुमाचाच घ्या आणि घराभोवती तीन फूट फरशी करा म्हणजे पायाशी पाणी मुरणार नाही.

धुळ्याची_ताई:
दादा, स्वयंपाकघराबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते. आग्नेय तुमच्या मागच्या बाजूला येतेय ते चांगलं, त्याच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये एक खालचा ओटा आणि चूल नक्की करा. मांड्यांचं खापर आतल्या गॅसवर नीट बसत नाही आणि भरिताची वांगी काड्यांवर भाजायची तर धूर बाहेरच पाहिजे. धान्याची खोली उत्तरेला, जमिनीपासून थोडी उंच, आणि तिचा दरवाजा चार फुटी ठेवा, आमच्याकडे अडीच फुटी केला आणि दरवर्षी पोती आडवी करून ओढताना भिंतीचा रंग निघतो. गच्चीवर नळ पाहिजे, पापड कुरडयांच्या दिवसात बादल्या वर नेऊन जीव जातो, आणि जिन्याची पायरी ६ इंचच ठेवा, सासूबाईंना अजून वर येता येतं ते त्यामुळेच.

कूलरचं आत्ताच ठरवा. एप्रिल-मे मध्ये हवा कोरडी असते म्हणून कूलर खरंच गार करतो, पण समोरच्या बाजूला खिडकी उघडी नसेल तर ओल बसून घुसमट होते. प्रत्येक खोलीत कूलरची एक खिडकी सावलीतली, बाहेर कट्टा, वर नळ, खाली पाणी जायला पाइप, आणि समोरासमोर दुसरी खिडकी.

कानबाईसाठी हॉल आणि डायनिंगच्या मध्ये भिंत न घालता आठ फुटी फोल्डिंग दरवाजा करा. रविवारी रात्रभर गाणी होतात, सोमवारी विसर्जन, आणि रोट खायला सगळं कुळ एका पंगतीत बसतं, तेव्हा दरवाजा उघडला की एकच मोठी खोली. आमच्याकडे अर्धे लोक दुसऱ्या खोलीत बसतात, दरवर्षी मनाला लागतं.

बोरीकाठ:
दोघांचे मनापासून आभार. माती काळीच आहे, उद्याच खड्डा घेऊन बघतो. डबल हाइट आणि काच काढली. वायव्येला ओटा घेतोय, पण तिथेही संध्याकाळी ऊनच येणार ना?

भुसावळचा_साइटवाला:
येणार, पण ओट्यावर माणूस बसतो तो सहानंतर. पुढे एक कडुनिंब लावा, भिंतीपासून वीसेक फूट लांब, काळ्या मातीत झाड जवळ असलं की पायाखालचा ओलावा ओढतं. ओटा दीड फूट उंच आणि निदान पाच फूट रुंद करा म्हणजे वडिलांना रात्री तिथे बाज टाकता येईल.

बोरीकाठ:
वडिलांना वाचून दाखवलं. कागद परत मागितला त्यांनी.