फीड स्वतः लावून वाचणं: निवांतपणा की अजून एक कटकट?

निवांत_वाचक:
तीन महिने झाले, सोशल मीडियाची ॲप्स फोनवरून काढली आणि आरएसएस रीडरवर आलो. माहीत नसेल तर, साइटवर एक साधी फाइल असते, तिलाच फीड म्हणतात, नवीन लेख आला की त्यात नोंद पडते, रीडर ती फाइल अधूनमधून आणतो आणि तारखेप्रमाणे लावून देतो, बास. मी कुठल्या फोटोवर दोन सेकंद जास्त रेंगाळलो याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. माझ्याकडे 38 फीड आहेत, फोल्डर तीन: रोज, रविवारी आणि 'कधीतरी'. सकाळी 'रोज' उघडतो, वीसेक मिनिटांत यादी संपते. संपते! खाली काहीच नसतं, हे विसरलोच होतो राव. माझं मत, प्रत्येकाने हे करावं.

शंकेखोर:
"प्रत्येकाने" इथेच गाडी अडते. मी हे करून बसलोय. उत्साहाच्या भरात 120 फीड टाकले, त्यातली एक बातम्यांची साइट एकटीच दिवसाला शंभरेक टाकायची, दोन दिवस बघितलं नाही की कोपऱ्यात ठळक आकड्यात 1137 न वाचलेले. ऑफिसची मेल कमी पडत होती का? शेवटी 'सगळं वाचलं' दाबायचं आणि वर अपराधी वाटून घ्यायचं. शिवाय आपणच निवडलेलं वाचायचं म्हणजे कूपमंडूक होणं आलं. मला अल्गोरिदमने कुठूनतरी मातीची भांडी घडवायचे व्हिडिओ दाखवले, मी जन्मात शोधले नसते, आज घरात चाक आहे आणि मी चिखलात माखलेला असतो.

जुना_खेळाडू:
120 फीड टाकलेत तर दोष रीडरचा कसा हो? बातम्यांच्या साइटची अख्खी फीड कधीच घ्यायची नाही, एखादा विभाग घ्यायचा. मी 2005 ला गूगल रीडर आलं तेव्हापासूनचा, 1 जुलै 2013 ला ते बंद झालं तेव्हा सगळे म्हणाले आरएसएस मेलं. पण पॉडकास्ट आजही आरएसएसवरच चालतात, यूट्यूबच्या चॅनेलची फीडसुद्धा मिळते. मी तेव्हा ओपीएमएल फाइल, म्हणजे आपल्या सगळ्या फीडची यादी, काढली, दुसऱ्या रीडरमध्ये टाकली, एक फीड हरवली नाही. सोशल मीडियावरची फॉलोची यादी अशी उचलून दुसरीकडे नेऊन दाखवा. आणि कूपमंडूक म्हणाल तर ती विहीर तिथेही आहेच की, फक्त कुणीतरी दुसऱ्याने खणलेली.

पानगळ:
तुम्ही सगळे लेखांबद्दल बोलताय. माझ्या मैत्रिणीचे वडील गेले, तिने सोशलवर टाकलं, मी तेव्हा असाच 'शांत' प्रयोग करत होते, मला पाच दिवसांनी कळलं. काय तोंड दाखवू असं झालं. आरएसएसवर साइट्स असतात, माणसं नसतात. मी दुसऱ्या दिवशी ॲप परत घेतलं.

निवांत_वाचक:
वाचून वाईट वाटलं. पण माझं नेमकं उलट झालंय. ॲप रोज उघडत होतो, तरी जवळच्या मित्राच्या ऑपरेशनची पोस्ट चार दिवसांनी दिसली, तिच्यावर कुणा अनोळखी माणसाचा कुत्रा आणि खाली बुटांची जाहिरात. म्हणजे उघडूनही तेच.

शंकेखोर:
मग सरळ फक्त फॉलो केलेल्यांच्या पोस्ट दाखवणारी 'फॉलोइंग'ची टॅब वापरा की, रीडरचा खटाटोप कशाला? युरोपात तर डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टमुळे फार मोठ्या प्लॅटफॉर्मना प्रोफाइलिंग न करणारा, म्हणजे आपल्या सवयी बघून पोस्ट न निवडणारा, एक पर्याय द्यावाच लागतो. तो सगळीकडे आला की भांडण मिटलं.

जुना_खेळाडू:
टॅब असते हो, पण मी वापरतो त्या ॲपमध्ये बंद करून उघडलं की स्वारी आपली पुन्हा ॲपनेच निवडलेल्या 'तुमच्यासाठी'वर. रोज उठून तेच बटण दाबायचं. 2016 ला ट्विटर आणि इन्स्टाग्राम दोघांनीही तारखेचा क्रम मोडला तेव्हापासून मी एवढंच बघतोय, पर्याय देतात पण दोन मेनू आत.

पानगळ:
माझ्यापुरतं सांगते, ॲप ठेवलंय पण त्यात फक्त ओळखीची 23 माणसं, बाकी सगळी पेजेस अनफॉलो केली. लेख हवेत तर रीडर घेईन म्हणते, पण बऱ्याच साइट फीडमध्ये दोन ओळी देऊन 'पुढे वाचा' म्हणतात ना?

निवांत_वाचक:
देतात. अशा मी काढून टाकल्या, दोन सोडून, त्या फारच चांगल्या आहेत.

शंकेखोर:
बरं, दहा फीड घेऊन पुन्हा बघतो. पण तो न वाचलेल्यांचा आकडा बंद करायचं सेटिंग कुठं असतं ते आधी सांगा, नाहीतर मी चाललो भांडी घडवायला.

निवांत_वाचक:
सापडलं की मलाही सांगा, मी त्यावर कागदाची चिकटपट्टी लावलीय.