मदत हवी आहे : पहिल्यांदाच ज्यूसर घ्यायचाय, कोणता घेऊ?

नमस्कार मंडळी, आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. सासऱ्यांचे बरेच दात काढलेत, फळं चावून खाता येत नाहीत, म्हणून त्यांना घरचा ताजा रस द्यायचाय. आटपाडीकडची डाळिंबं, हंगामात तासगावची द्राक्षं भरपूर येतात. शिवाय गाजर, बीट.

सध्या मिक्सरवर भागवते. पण डाळिंबाचे दाणे जरा जास्त फिरले की बिया भरडल्या जातात आणि रस कडवट होतो. मामंजी एक घोट घेऊन पेला खाली ठेवतात, बोलत काहीच नाहीत. फार वाईट वाटतं. फडक्यातून पिळायचं तर हात दुखतात आणि चोथा ओलाच राहतो.

दुकानात दोन प्रकार दाखवले. एकात जाळीचं भांडं गरगर फिरतं : स्वस्त, झटपट, पण आवाज मोठा आणि रसावर फेस फार. दुसरा कोल्ड प्रेस. तो मिनिटाला साधारण ४० ते ८० फेऱ्यांच्या संथ गतीनं फळ दाबून रस काढतो, चोथा बराच कोरडा पडतो, पालकासारख्या पालेभाज्याही चालतात. किंमत मात्र चांगलीच जास्त. माझा कल त्याच्याकडेच आहे.

ज्यांच्याकडे कोल्ड प्रेस आहे त्या ताई-दादांनी कृपया सांगा, डाळिंबाच्या बिया त्यात भरडतात का? गाजराचे तुकडे किती बारीक करावे लागतात? जाळी रोज घासायला फार वेळ जातो का? आणि सुटे भाग सांगली-मिरजेत मिळतात, की कोल्हापूर गाठावं लागतं?