विमानानं ढग पळवले म्हणणाऱ्या अनोळखी माणसाशी वाद घालावा का?

बालाघाट (अंबाजोगाई):
पावसानं ताण दिला की आपल्याकडं एक व्हिडिओ हमखास फिरतो. आभाळ भरून आलेलं, पांढरी रेघ ओढत विमान चाललेलं, आणि मागून आवाज: "बघा, फवारा मारला, आता ढग फाकणार." करणारा म्हणून कधी सरकारचं नाव, कधी विमा कंपन्यांचं. यंदा तो आमच्या सोयाबीनच्या ग्रुपवर आला. टाकणारा कोण, कुठला, कुणाला माहीत नाही. मी सगळ्यांसमोर विचारलं, व्हिडिओ कोणत्या गावचा, कोणत्या तारखेचा? उत्तर आलं, "तुम्ही कोणत्या पक्षाचे ते आधी सांगा."

तरीही माझं मत आहे की विचारायलाच पाहिजे. ती रेघ म्हणजे फवारा नव्हे. प्रवासी विमानं दहा-अकरा किलोमीटरवरून जातात. तिथल्या थंडीत इंजिनातली वाफ गोठून बर्फाच्या कणांची रेघ होते. कृत्रिम पावसासाठी सिल्व्हर आयोडाइड किंवा मिठाचे कण टाकतात हे खरं, पण ते भरलेल्या ढगात, आणि पाऊस पडावा म्हणून. टाकणारा माणूस बदलणार नाही, मान्य. ग्रुपात शेकडो जण गप्प राहून वाचतात. मी लिहितो ते त्यांच्यासाठी.

तेरणाकाठ (धाराशिव):
पटलं नाही. तुम्ही उत्तर दिलं की तोच व्हिडिओ परत वर येतो. ज्यानं पाहिला नव्हता तोही बघतो. मी ग्रुपचा अॅडमिन आहे. असलं काही आलं की डिलीट करतो आणि टाकणाऱ्याला फोन लावतो. फोनवर माणूस मवाळ असतो, चारचौघांत तो हार मानत नाही.

राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा. मुलं पळवणारी टोळी आली या अफवेवर नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार केलं. पोटासाठी फिरणारी माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं बंधन घातलं. अफवेला पुरावा मागत बसायला वेळ नसतो, तिचा रस्ता बंद करावा लागतो.

काळं रान (परभणी):
तुम्ही दोघंही शेतकऱ्याला अडाणी समजू लालाव. एक शिकवू लालाय, दुसरा पुसून टाकू लालाय. लोकांना शंका काहून येते, हे कुणी विचारलं का?

२००३ ला कृत्रिम पाऊस झाला, २०१५ ला झाला, २०१९ ला परत झाला. संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, रडार बसवलं, विमानं उडाली, पेपरात फोटो आले. आमच्या शिवारात काय पडलं? कोणत्या दिवशी कोणत्या गावावर विमान फिरलं आणि त्यानं किती पाऊस वाढला, याचा हिशोब कधी गावात येऊन सांगितला? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ते दिवस ज्यानं काढले, त्यानं आभाळातल्या विमानाकडं संशयानं बघितलं तर त्याला खोटारडा म्हणू नका.

बालाघाट:
खोटारडा मी कुणाला म्हटलं नाही. हिशोब मागायचा तुमचा हक्क शंभर टक्के मान्य. पण "हिशोब दिला नाही" आणि "ढग पळवले" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुण्याच्या आयआयटीएमनं, म्हणजे केंद्राच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं, २०१७ ते २०१९ मध्ये सोलापूरला प्रयोग केला. काही ढगांत कण सोडले, काही तसेच ठेवले, आणि तुलना केली. प्रयोगाच्या टापूत पाऊस साधारण १८ टक्के वाढल्याचं त्यांनी मांडलं, तेही ढग योग्य असतील तेव्हाच. मुद्दाम प्रयत्न करून हाती इतकंच लागतं, तर एका विमानात अख्ख्या तालुक्याचं आभाळ मोकळं करायची ताकद कुठून येणार?

आणि मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. २०२३ च्या खरिपात पीकविम्याची २५ टक्के आगाऊ रक्कम मिळायला सलग २१ दिवस पावसाचा खंड लागत होता. तो मोजला जात होता महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर. आमच्या मंडळातल्या यंत्राला लागून बाभळ वाढलेली, फांद्या थेट भांड्यावर. अर्ध्या ग्रुपचं लक्ष आभाळातल्या रेघेकडं, आणि ज्या यंत्रावर आमचे पैसे ठरत होते तिकडं कुणी फिरकलं नाही. म्हणून मी भांडतो. खोटा दावा खऱ्या तक्रारीची जागा खातो.

मास्तर (नांदेड):
राजकारणातही हेच चालतं. निकाल लागला की ईव्हीएमचे मेसेज सुरू होतात. मी अनोळखी माणसाला एकच विचारतो, तपासायचा जो मार्ग आहे तो वापरला का? व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कुणाला गेलं ते दाखवणारी, चिठ्ठी ७ सेकंद दिसते. विधानसभेच्या प्रत्येक मतदारसंघात पाच यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली, पण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ५ टक्के यंत्रं तपासून मागता येतील असं सांगितलं. मुदत निकालानंतर ७ दिवस. एवढं लिहिलं की बोलणं शिवीवरून मुद्द्यावर येतं.

तेरणाकाठ:
मास्तर, तो मार्ग उमेदवाराचा आहे आणि खर्चही आधी त्यानंच भरायचा. साध्या मतदारानं काय करावं? "मार्ग वापरा" म्हणणं सोपं आहे. ज्याच्या हातात मार्गच नाही, तो मेसेज पुढं ढकलतो. त्याच्याशी ग्रुपवर तावातावानं बोलून उपयोग नाही, या मतावर मी ठाम आहे. बाभळीचं मात्र खरं आहे. ते तुम्ही फोटोसकट ग्रुपवर टाकलं असतं तर मी स्वतः पिन केलं असतं.

काळं रान:
बाभळीचा मुद्दा मलाही पटला. आमच्या मंडळातलं यंत्र उद्या बघून येतो. पण विमानाचा विषय मी सोडणार नाही. २०१५ आणि २०१९ ची उड्डाणं, तारखा आणि गावं माहिती अधिकारात मागतो. सोबत पर्जन्यमापकाच्या देखभालीची माहितीही मागू का?

मास्तर:
जरूर मागा, पण एकाच अर्जात नको. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जाला एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. दोन अर्ज करा, प्रत्येकाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पोच घ्या. उत्तराची मुदत ३० दिवस.