हायड्रोजन काढून घेताना पॅलेडियमच्या पत्र्याला भेगा का पडतात?

प्रश्न (एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, सांगली)
पॅलेडियमचा पातळ पत्रा सौम्य कॉस्टिकच्या द्रावणात कॅथोड म्हणून जोडून आम्ही तो हायड्रोजनने भरतो. मग एका बाजूला वार्निश लावून, प्रवाह उलटा करून, मोकळ्या बाजूने हायड्रोजन काढून घेतो. सुरुवातीला मोकळी बाजू खोलगट होते, पुढे पत्रा सरळ होत जातो आणि शेवटी उलट दिशेला किंचित बाक राहतो. त्या बाजूवर सूक्ष्मदर्शकाखाली बारीक भेगाही दिसतात. कोंबलेला वायू बाहेर पडला की धातूवरचा ताण उतरायला हवा. मग भेगा काढतानाच का पडाव्यात? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (पदार्थविज्ञानाचा अध्यापक, मिरज)
ताण हायड्रोजन किती आहे यावरून ठरत नाही, तो आत आणि पृष्ठभागाशी किती वेगवेगळा आहे यावरून ठरतो. पृष्ठभागावरचा हायड्रोजन कॉस्टिकच्या द्रावणातल्या हायड्रॉक्साइडशी संयोग पावून पाणी होतो, इलेक्ट्रॉन तारेत जातो आणि रिकामी झालेली जागा भरायला आतला हायड्रोजन विसरणाने हळूहळू बाहेर येतो. दरम्यान बाहेरचा थर आकसू पाहतो, आतला फुगलेला धातू त्याला आकसू देत नाही. उन्हाळ्यात कृष्णाकाठच्या काळ्या रानाला भेगा पडतात त्या याच कारणाने, वरची माती वाळते आणि खालची ओलीच असते म्हणून. भरताना हेच उलट घडते: फुगणारा थर दाबाखाली येतो, आणि दाबाखाली भेग उघडत नाही.

आकडे पाहिले की याची तीव्रता कळते. हायड्रोजनने भरलेल्या बीटा अवस्थेतील जालक (धातूच्या अणूंची नियमित मांडणी) जवळपास रिकाम्या अल्फा अवस्थेपेक्षा लांबीने सुमारे 3.4 टक्के मोठे असते. पॅलेडियमचा यंग गुणांक (ताणाला विरोध करणारा ताठपणा) सुमारे 120 गिगापास्कल आहे; एवढी तफावत निव्वळ लवचीकपणे सोसायची तर ताण 4 गिगापास्कलवर जाईल, जो हा मऊ धातू सोसूच शकत नाही. त्यामुळे बाहेरचा थर कायमचा ताणला जातो आणि नंतर आतला भागही आकसला की तोच थर लांबीने जास्त ठरतो. आपल्याला दिसलेला उलटा बाक हाच. कायमच्या विकृतीची ही गोष्ट जुनीच आहे: हायड्रोजन काढल्यावर पॅलेडियमची तार मूळ लांबीपेक्षाही आखूड होते, हे रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहॅमने 1860 च्या दशकातच नोंदवले होते.

उत्तर (प्लेटिंग व्यावसायिक, कुपवाड)
आमच्याकडे उच्च ताकदीच्या बोल्टांचा प्रश्न वेगळा असतो, त्याची गल्लत करू नये. पोलादात हायड्रोजन दशलक्षात काही भाग एवढाच असतो, त्याने जालक असे फुगत नाही. तो दोषांच्या जागी अडकतो आणि भार आल्यावर बोल्ट अचानक तुटतो. म्हणून झिंक चढवल्यावर काही तासांच्या आत बोल्ट 200 अंशांच्या आसपास भट्टीत ठेवतात, आणि झिंकचा थर हायड्रोजनला अडवतो म्हणून बराच वेळ ठेवावे लागतात.

प्रश्नकर्ती
प्रवाह अगदी कमी ठेवला तर भेगा टळतील का?

उत्तर (अध्यापक, मिरज)
कमी होतील, पण टळतीलच असे नाही, कारण बीटाचे अल्फा होताना दोन अवस्थांमधली सीमा पत्र्यातून सरकतच जाते आणि तफावत तीच राहते. प्रयोगासाठी शुद्ध पॅलेडियमच हवे असेल तर हायड्रोजन थोडाच, अल्फाच्या मर्यादेत म्हणजे पॅलेडियमच्या दर शंभर अणूंमागे हायड्रोजनचा साधारण एक, एवढाच भरावा. तेव्हा बाक येतो, पण हायड्रोजन सर्वत्र सारखा झाला की तो बहुतांशी जातोही. धातू बदलता येत असेल तर सुमारे 23 टक्के चांदी असलेला मिश्रधातू घ्यावा. त्यात नेहमीच्या तापमानाला हे दोन अवस्थांचे विभाजन होत नाही, म्हणून हायड्रोजन शुद्ध करण्याच्या पडद्यांसाठीही तोच वापरतात.