शालेय विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयीन पातळीचे विद्युतचुंबकत्व : कॅल्क्युलस आधी की सोबत?

प्रश्न

मी उच्च माध्यमिक वर्गांना भौतिकशास्त्र शिकवते. यंदापासून सोळा-सतरा वर्षांच्या काही उत्सुक विद्यार्थ्यांसाठी विद्युत आणि चुंबकत्व हा विषय पदवीच्या पहिल्या वर्षाच्या पातळीवर, म्हणजे कॅल्क्युलसचा उघड वापर करून, शिकवायला घेतला आहे. त्यांची यांत्रिकी गेल्या वर्षी झाली आहे. पण निम्म्या विद्यार्थ्यांचे कॅल्क्युलस याच वर्षी गणिताच्या तासाला चालू आहे, आणि माझ्या वर्गात इंटिग्रेशनची (असंख्य लहान तुकड्यांची बेरीज करण्याची) गरज पडते तेव्हा तिकडे अजून डिफरन्शिएशनच (बदलाचा दर काढणे) चाललेले असते.

परवा मी एक प्रश्न दिला. गोल कड्याच्या आकाराच्या तारेवर प्रभार एकसारखा पसरलेला आहे, तर कड्याच्या मध्यबिंदूपाशी विद्युत क्षेत्र (म्हणजे एकक प्रभारावर लागणारे बल) किती? बऱ्याच जणांनी एकूण प्रभाराला त्रिज्येच्या वर्गाने भागले, कुलोमच्या स्थिरांकाने गुणले आणि उत्तर मांडून ते मोकळे झाले. ज्यांचे इंटिग्रेशन शिकून झाले आहे, त्यांच्यापैकीही काहींनी हेच केले. उत्तर शून्य आहे असे सांगितल्यावर एका मुलीने विचारले, ‘मग तो सगळा प्रभार गेला कुठे?’ तिला मी सममितीचे कारण दिले खरे, पण तिचे समाधान झालेले दिसले नाही.

क्षेत्राचा भाग पुढे ढकलून विद्युत मंडले आधी घ्यावीत, की गणित पूर्ण होईपर्यंत कॅल्क्युलसच टाळावे, याबाबत अनुभवी शिक्षकांचे मत हवे आहे.

उत्तर १

पदवीच्या पहिल्या वर्षाला हाच विषय मी बरीच वर्षे शिकवत आहे, आणि आपण सांगितलेली चूक तिथेही दर वर्षी होते. त्यामुळे ती इंटिग्रेशन न आल्यामुळे होते, असे मला वाटत नाही. कड्याच्या उदाहरणात इंटिग्रेशन जवळजवळ नाहीच. अक्षावरील, म्हणजे कड्याच्या मध्यातून त्याच्या प्रतलाला लंब जाणाऱ्या रेषेवरील, कोणताही बिंदू घ्या. कड्याचा प्रत्येक तुकडा त्या बिंदूपासून सारख्याच अंतरावर असतो, म्हणून अंतर बेरजेच्या बाहेर येते आणि आत उरते ती केवळ लहान लहान प्रभारांची बेरीज, म्हणजे एकूण प्रभार. अवघड आहे ते त्याच्या आधीचे पाऊल: तुकडा निवडणे, त्याच्यामुळे निर्माण होणाऱ्या क्षेत्राचा बाण काढणे, समोरच्या तुकड्याचा बाण काढणे आणि कोणता घटक रद्द होतो हे डोळ्यांनी पाहणे. मी पहिले दोन आठवडे इंटिग्रेशनचे चिन्ह फळ्यावर लिहीतच नाही. कड्याचे आठ तुकडे करून आठ बाण काढायला लावतो. नंतर तुकडे वाढवत नेले की ‘बेरीज’ या शब्दाच्या जागी इंटिग्रेशन हा शब्द आपसूक येतो, आणि गणिताच्या तासाला तो पुन्हा भेटतो तेव्हा मुलांना तो ओळखीचा वाटतो.

त्या मुलीचा प्रश्न फार मोलाचा आहे आणि त्याला केवळ ‘सममिती’ हे उत्तर पुरे पडत नाही, कारण प्रभार खरोखरच कुठे गेलेला नाही. तिला त्याच बिंदूपाशी विभव, म्हणजे एकक प्रभारामागची विद्युत ऊर्जा, काढायला सांगा. कड्याची त्रिज्या १० सेंटिमीटर आणि प्रभार १ नॅनोकुलोम घेतला, तर मध्यबिंदूपाशी क्षेत्र शून्य असते, पण विभव सुमारे ९० व्होल्ट येते, कारण विभव अदिश (दिशा नसलेले) असल्यामुळे समोरासमोरचे तुकडे एकमेकांना खोडत नाहीत. अक्षावरून बाहेर सरकत गेल्यास क्षेत्र वाढत जाते, सुमारे ७.१ सेंटिमीटरवर ते सर्वाधिक, म्हणजे जवळपास ३४६ न्यूटन प्रति कुलोम होते, आणि तिथून पुढे घटते. फार दूर गेल्यावर कडे बिंदुप्रभारासारखे वागते. मुलांनी लावलेले सूत्र तिथे बरोबर आहे, त्यांनी ते चुकीच्या ठिकाणी लावले, हे त्यांना अवश्य सांगावे. हा आलेख ज्याने एकदा स्वतःच्या हाताने काढला आहे, तो विद्यार्थी क्षेत्र आणि विभव यांची गल्लत सहसा करत नाही.

गाउसच्या नियमाबाबतही (बंद पृष्ठातून बाहेर जाणारा एकूण फ्लक्स, म्हणजे क्षेत्राचा एकूण प्रवाह, आतील प्रभारावर ठरतो) हीच सावधगिरी बाळगावी. घनाच्या केंद्रस्थानी प्रभार ठेवला, तर प्रत्येक पृष्ठातून एकूण फ्लक्सचा सहावा भाग जातो, हे लगेच सांगता येते. पण पृष्ठावरील क्षेत्र मात्र त्या नियमातून थेट मिळत नाही, कारण ते पृष्ठाच्या मध्यावर वेगळे आणि कोपऱ्याशी वेगळे असते.

उत्तर २

क्षेत्र पुढे ढकलून मंडले आधी घ्यावीत या विचाराशी मी सहमत नाही, कारण मग विभवांतर हा शब्द मुले केवळ बॅटरीवर छापलेला आकडा म्हणून शिकतात. प्रयोग मात्र लवकर सुरू करावेत, आणि त्यासाठी कपॅसिटरचे (प्रभार साठवणाऱ्या घटकाचे) विसर्जन हा प्रयोग सर्वांत उपयोगी आहे, असा माझा प्रयोगशाळेतील अनुभव आहे. १०० किलोओहमचा रोध आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला की कालस्थिरांक (व्होल्टेज मूळच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येण्यास लागणारा वेळ) १० सेकंद येतो. कपॅसिटर ९ व्होल्टपर्यंत भारित करून दर ५ सेकंदांनी व्होल्टमीटरचे वाचन लिहीत गेल्यास १० सेकंदांनी साधारण ३.३ व्होल्ट उरलेले दिसतात. बदलाचा वेग उरलेल्या प्रभाराच्या प्रमाणात असतो, हे वाक्य मुले आधी स्वतःच्या वहीतील आकड्यांत पाहतात; त्याचे समीकरण सोडवायला गणिताच्या तासाला महिनाभर उशीर झाला तरी बिघडत नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची ध्रुवता सांभाळावी, आणि त्याचे मूल्य छापील आकड्यापेक्षा २० टक्क्यांनी कमी-जास्त असू शकते हेही आधीच सांगावे.

एकदा एका गटाने १० मेगाओहमचा रोध आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला. हिशेबाने कालस्थिरांक तोच १० सेकंद, पण वाचन सतत ५ सेकंदांच्या आसपास येत होते. त्यांनी कपॅसिटर बदलला, जोडण्या पुन्हा तपासल्या, तरी फरक पडेना. शेवटी त्यांच्यातील एकाने व्होल्टमीटरच्या माहितीपत्रकात त्याचा स्वतःचा रोध १० मेगाओहम असल्याचे वाचले. मीटर समांतर जोडलेला असल्यामुळे परिणामी रोध निम्मा झाला होता. त्या दुपारी समांतर जोडणीबद्दल ते जे शिकले, ते मी फळ्यावर शिकवू शकलो नसतो.

उत्तर ३

मी काही वर्षांपूर्वी असाच अभ्यासक्रम विद्यार्थी म्हणून पूर्ण केला आणि पुढे पदवीला भौतिकशास्त्रच घेतले, म्हणून विद्यार्थ्याच्या बाजूने एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्या वर्गात वर्षाचा बराचसा वेळ स्थिरविद्युतावर गेला आणि प्रवर्तन (बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीज निर्माण होणे) शेवटच्या काही आठवड्यांत उरकले गेले. ओर्स्टेडने १८२० मध्ये विद्युतधारेमुळे चुंबकसूची वळते हे दाखवले आणि फॅरडेने १८३१ मध्ये त्याची दुसरी बाजू, म्हणजे प्रवर्तन, शोधली. या दोन शोधांमधली अकरा वर्षे आम्ही दोन तासांत संपवली.

त्याची किंमत मला पुढे मोजावी लागली. बंद मार्गावरून एक फेरी मारली की विभवांतरांची बेरीज शून्य येते, हे मी सार्वत्रिक सत्य समजून बसलो होतो. १०० आणि ९०० ओहमचे दोन रोध जोडून एक वेटोळे करा आणि त्याच्या मधून जाणाऱ्या लांब सोलेनॉइडमधील (तारेच्या लांब गुंडाळीतील) चुंबकीय फ्लक्स अशा दराने बदला की वेटोळ्यात १ व्होल्टचे विद्युतगामक बल (धारा वाहवणारे व्होल्टेज) निर्माण होईल. धारा १ मिलिअँपिअर वाहते. आता त्याच दोन बिंदूंना, पण वेटोळ्याच्या दोन बाजूंनी, दोन व्होल्टमीटर जोडा: एक ०.१ व्होल्ट दाखवतो आणि दुसरा ०.९ व्होल्ट, तेही उलट चिन्हाने. हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला जोडणी चुकली असे वाटले होते. तिथे बिंदूला स्वतःचे असे विभव उरत नाही, मार्ग सांगावा लागतो. उत्तर १ मधील ९० व्होल्ट ज्या अर्थाने सांगितले आहेत, तो अर्थ केवळ स्थिर प्रभारांपुरता आहे, हे शिकवणाऱ्याने त्याच वेळी एका वाक्यात सांगून ठेवले तर पुढचा गोंधळ बराच टळेल.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

सर्वांची मनापासून आभारी आहे. आठ तुकड्यांचे बाण काल वर्गात काढून घेतले. त्याच मुलीला विभव काढायला सांगितले; बेरीज करताना ती मध्येच थांबली आणि म्हणाली, ‘इथे वजा कुणीच होत नाही.’ त्यानंतर तिने विचारले की मध्यबिंदूपाशी ठेवलेला धन प्रभार तिथेच राहील का. अक्षाच्या दिशेने जरा सरकला तर तो बाहेर ढकलला जाईल आणि कड्याच्या प्रतलात सरकला तर पुन्हा मध्याकडे येईल, इथपर्यंत वर्ग चर्चा करून पोहोचला. कॅल्क्युलस थांबवण्याचा विचार मी सोडला आहे आणि प्रवर्तनासाठी दोन महिने राखून ठेवले आहेत. दोन व्होल्टमीटरचा प्रयोग शाळेच्या साधनांत करायचा, तर सोलेनॉइड किती वेढ्यांचा घ्यावा, हे कुणी स्वतः करून पाहिले असल्यास कृपया सांगावे.