वाईच्या जुन्या वाड्याला अरबी रिसॉर्टचं रूप द्यावं का? आखातात काम केलेल्यांनी सांगा

वाड्याचा_धनी (वाई)

नमस्कार मंडळी. गणपती घाटापासून चार गल्ल्या आत आमचा पणजोबांच्या वेळचा दोन चौकी वाडा आहे. वाटण्या झाल्या, मागचा चौक आणि आठ खोल्या माझ्याकडे आल्या. पाचगणी-महाबळेश्वरला जाणाऱ्यांनी एक रात्र वाईत थांबावं म्हणून तिथे राहण्याची सोय करतोय.

गेल्या दिवाळीत धाकट्या भावाकडे दुबईला गेलो, तेव्हा मदिनत जुमेराह हे रिसॉर्ट बघितलं. कालव्यांतून फिरणाऱ्या होड्या, वाळूच्या रंगाच्या भिंती, वर ते वाऱ्याचे मनोरे. मी तिथं दोन तास नुसता बसून होतो. परत आल्यावर एका डिझायनरकडून नकाशा करून घेतला: चौकात कारंजं, छपरावर दोन मनोरे, भिंतींना वाळूच्या छटेचा टेक्श्चर पेंट. कारंज्यासाठी तुळशीवृंदावन हलवावं लागतंय. आई आठ दिवस माझ्याशी धड बोललेली नाही.

तिकडच्या हॉटेलांत काम केलेल्यांनी मनापासून सांगा, पाहुण्याला तिथं एवढं भारावल्यासारखं कशानं होतं?

तासगावचा_बाळू

दादा, मी अकरा वर्षं आखातात हॉटेलात होतो. पहिली चार हाउसकीपिंगला, नंतर पाहुण्यांना कॉफी देणाऱ्यांत, वाळवंटातल्या एका रिसॉर्टवर.

आधी मनोऱ्यांचं. त्याला तिकडे बर्जील म्हणतात. जुना, खरा बर्जील बघायचा तर दुबईत खाडीकाठच्या अल फहिदी मोहल्ल्यात जावं लागतं. इराणच्या किनाऱ्यावरून आलेल्या व्यापाऱ्यांनी तो तिथं आणला. चारी बाजूंनी उघडा, आत फुलीसारख्या आडव्या भिंती. वारा कुठूनही आला तरी एका खणातून खाली खोलीत उतरतो, गरम हवा दुसऱ्या खणातून वर जाते. ती घरं प्रवाळाच्या दगडाची आणि जिप्समच्या गिलाव्याची, कारण वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मदिनतला मनोरे दिसतात तसेच, पण खोल्या एसीनं गार होतात. वाईत जूनमध्ये वरून उघडा मनोरा म्हणजे पाणी थेट गादीवर. आणि तुमच्याकडे चौक आहे की! तापलेली हवा चौकातून वर निघून जाते, ओसरी गार राहते. अरबांच्या जुन्या घरांतही मधला चौक असाच असतो.

आता तुमचा खरा प्रश्न. मला कॉफी द्यायला शिकवलं एका वयस्कर ओमानी माणसानं. पहिला महिनाभर त्यानं मला पाहुण्यासमोर जाऊच दिलं नाही, रिकाम्या खुर्च्यांना कॉफी वाढायला लावली. दल्ला, म्हणजे चोचीची किटली, डाव्या हातात. फिंजान, म्हणजे बिनकानाचा छोटा पेला, उजव्या हातानं द्यायचा. कॉफी फिकी, वेलदोडा घातलेली, सोबत खजूर. पेला पावच भरायचा. काठोकाठ भरला तर 'प्या आणि निघा' असा अर्थ होतो. पाहुण्यानं पेला हलकेच हलवला की पुरे, तोवर पुन्हा पुन्हा ओतत राहायचं, आणि वाढणाऱ्यानं बसायचं नाही. 2015 मध्ये युनेस्कोनं अरबी कॉफी आणि मजलिस, म्हणजे पाहुण्यांची बैठक, या दोन्ही रीती आपल्या वारशाच्या यादीत घेतल्या.

एकदा रात्री दोन वाजता एक कुटुंब आलं. विमान उशिरा, लेकरू रडून दमलेलं. बापानं घाईनं पासपोर्ट काढले. आमच्या मॅनेजरनं ते घेतलेच नाहीत. आधी मजलिसमध्ये बसवलं, गार ओले नॅपकिन दिले, पोराला खजूर दिला. कागद सकाळी. बदू, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या लोकांत जुनी रीत आहे, दारात आलेल्याला तीन दिवस 'कशासाठी आलास' असं विचारायचं नाही. त्या बाईनं जाताना आमच्या प्रत्येकाचं नाव विचारून घेतलं. हॉटेलच्या सोनेरी नळांबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

आणि दादा, आपल्याकडे गूळपाणी आहे. माझी आजी उन्हातून आलेल्या परक्या माणसालाही आधी तांब्या नि गुळाचा खडा द्यायची, मग गाव विचारायची. मला तिकडे कॉफी ओतताना तीच आठवायची. वृंदावन हलवू नका. ज्या घरातली माऊली रोज सकाळी तिथं दिवा लावते, ते बघायलाच लोक येतील.

चुना_आणि_माती (मिरज)

बाळूभाऊंनी मनातलं लिहिलं. दादा, माझी एकच कळकळीची विनंती. मी जुन्या घरांची दुरुस्ती करते. तुमच्या भिंती मातीच्या नि चुन्याच्या असणार. त्यावर प्लास्टिकचा टेक्श्चर पेंट अजिबात लावू नका. अशी भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. वरून रंगानं तोंड बांधलं की ओल आतच कोंडते आणि दोन पावसांत पोपडे पडतात. चुन्याचाच हात द्या. वाळूची छटा हवीच असेल तर चुन्यात पिवळी माती मिसळा, सुंदर दिसते. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. गवंड्याला घेऊन एक सकाळ तिथं घालवा.

वाड्याचा_धनी (वाई)

बाळूभाऊ, तुमचं लिहिलेलं आईला चुलीपाशी बसून वाचून दाखवलं. तिनं काही न बोलता माळ्यावरून आजीचा पितळी तांब्या नि सहा फुलपात्री काढली आणि चिंचेनं घासायला घेतली. कारंजं रद्द. डिझायनरला आज फोन केला. ताई, रविवारी गवंड्याला घेऊन मेणवलीला जातोय.

आता एकच अडचण. पावसाळ्यात आमच्याकडे गुळाला पाणी सुटतं. पाहुण्यापुढे तसा ठेवायला नको वाटतं.

तासगावचा_बाळू

छोट्या ढेपा घ्या, चिनीमातीच्या बरणीत तोंडाला फडकं घट्ट बांधून, चुलीच्या वरच्या फळीवर ठेवा. खडे आदल्या रात्री फोडू नका, पाहुणा दिंडी दरवाजात दिसला की फोडा. आणि दिवाळीनंतर मी येतोय, माझ्या बेदाण्याची पेटी घेऊन. खजुराच्या जागी ती.