पहिल्या लेव्हलचा विझर्ड: स्पेलबुकात कोणती सहा स्पेल्स लिहावीत?

रविवारची_फेरी (प्रश्न)

नमस्कार. नागपुरात धरमपेठेत आमचा पाच जणांचा गट दर रविवारी दुपारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रे रंगवत फाशांवर कथा पुढे नेण्याचा खेळ खेळतो. आम्ही २०१४च्या पाचव्या आवृत्तीचे नियम वापरतो आणि बोलणे सगळे मराठीतच होते. नव्या मोहिमेसाठी आमच्या डीएमने (कथा चालवणाऱ्याने) देवगडच्या गोंड राज्यावरून सुचलेले एक काल्पनिक अरण्यराज्य उभे केले आहे. त्यात सागवानाची राने आहेत, डोंगरी किल्ले आहेत आणि जंगलात गडप झालेली जुनी देवळे आहेत. फायटर (योद्धा), क्लेरिक (पुरोहित) आणि रोग (चोरटा) ही पात्रे इतरांनी घेतली असून विझर्ड, म्हणजे स्पेलबुकातून (मंत्रांच्या वहीतून) जादू करणारा विद्वान, माझ्याकडे आला आहे.

गुणांक (ताकद, चपळाई, बुद्धी अशा सहा गुणांचे आकडे) २७ पॉइंट्समधून विकत घ्यायचे आहेत. विझर्डचा हिट डाय (किती मार सोसता येईल हे ठरवणारा फासा) सहा बाजूंचा आणि चिलखत वापरण्याची मुभा नाही, त्यामुळे पहिल्याच झटापटीत तो कोसळेल अशी धास्ती वाटते. कोणत्या गुणाला किती पॉइंट्स द्यावेत, सुरुवातीची सहा स्पेल्स (जादूचे मंत्र) कोणती घ्यावीत आणि या मातीत शोभेल असे पात्र कसे रचावे, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

तलावाकाठचा

आधी आकडे. स्ट्रेंग्थ ८, डेक्स्टेरिटी १४, कॉन्स्टिट्यूशन १४, इंटेलिजन्स १५, विझडम १२ आणि करिश्मा ८ ही मांडणी बरोबर २७ पॉइंट्समध्ये बसते. हाय एल्फ घेतल्यास डेक्स्टेरिटी आणि इंटेलिजन्स दोन्ही १६ होतात आणि एक जादा कॅन्ट्रिपही (हवी तितक्यांदा वापरता येणारी छोटी जादू) मिळते. हिट पॉइंट्स (मार सोसण्याची क्षमता) आठच राहतील, ते मान्य करूनच पुढे जावे. कॉन्स्टिट्यूशनमध्ये मात्र काटकसर करू नये, कारण बरीच उत्तम स्पेल्स कॉन्सन्ट्रेशनवर (एकाग्रतेवर) टिकून असतात आणि मार बसला की ती टिकवण्याचा सेव्हिंग थ्रो (बचावाचा फासा) याच गुणावर होतो.

आता स्पेल्सविषयी. पहिल्या लेव्हलला दिवसाला स्लॉट (स्पेल टाकण्याच्या संधी) दोनच असतात आणि शॉर्ट रेस्टच्या (छोट्या विश्रांतीच्या) वेळी आर्केन रिकव्हरी या विझर्डच्या क्षमतेने आणखी एक परत मिळतो, म्हणजे दिवसभराची सगळी पुंजी तीन स्लॉट. ‘मेज आर्मर’ घेतले की आठ तासांसाठी तुमचा आर्मर क्लास (वार चुकवण्याचा आकडा) १६ होतो, पण पुंजीचा तिसरा हिस्सा सकाळीच खर्ची पडतो. म्हणून ते स्पेल वहीत असू द्यावे, मात्र ते रोज वापरलेच पाहिजे असे मानू नये. पुढे फायटर भक्कम उभा असेल आणि तुम्ही मागच्या ओळीत असाल, तर ‘शील्ड’ पुरेसे होते. शत्रूचा वार लागतो आहे असे दिसल्यावर रिॲक्शन म्हणून ते वापरता येते आणि आर्मर क्लास पाचाने वाढतो, त्यामुळे गरज नसताना स्लॉट जात नाही.

‘स्लीप’ अवश्य घ्यावे. पाच आठबाजू फाशांची बेरीज, म्हणजे सरासरी एकूण २२ हिट पॉइंट्सच्या आसपासचे शत्रू, सेव्हिंग थ्रोची संधी न मिळता झोपी जातात. सात हिट पॉइंट्सचे तीन गॉब्लिन एका दमात गाढ झोपतात, असे दृश्य पहिल्या लेव्हलला तुमच्या गटातल्या दुसऱ्या कोणत्याही पात्राला जमत नाही. वरच्या लेव्हल्सना या स्पेलची धार बोथट होते, तेव्हा ते फक्त प्रिपेअर करायचे (त्या दिवसासाठी तयार ठेवायचे) सोडून द्यावे.

माझ्या मते खरी किल्ली रिच्युअल स्पेल्समध्ये आहे. इंटेलिजन्स १६ असताना तुम्हाला रोज चारच स्पेल्स प्रिपेअर करता येतात, परंतु ज्या स्पेलवर रिच्युअलची खूण आहे ते नुसते वहीत असले तरी, दहा मिनिटे जास्त देऊन, स्लॉट न वापरता करता येते. म्हणून सहापैकी दोन जागा ‘फाइंड फॅमिलियर’ (सोबती प्राणी बोलावणारे) आणि ‘डिटेक्ट मॅजिक’ (जादू ओळखणारे) यांना द्याव्यात. उरलेल्या चारांत शील्ड, स्लीप, मेज आर्मर आणि ‘हिडिअस लाफ्टर’ (शत्रूला हसवून लोळवणारे) बसवावे. ‘मॅजिक मिसाइल’चा नेम कधी चुकत नाही हे खरे, पण नुकसान करण्याचे काम ‘फायर बोल्ट’ ही कॅन्ट्रिप दिवसभर फुकट करते. त्या कामासाठी वहीतली जागा अडवणे मला पटत नाही.

महालवासी

मी डीएमच्या बाजूने लिहितो. वरची यादी उत्तम आहे, पण विझर्डची वही ही त्या सहा स्पेल्सपुरती नसते. प्रत्येक लेव्हलला दोन स्पेल्स आपोआप मिळतात, आणि त्यापलीकडे कुठे एखादी पोथी वा स्क्रोल हाती लागला तर त्यातले स्पेल, प्रत्येक स्पेल लेव्हलमागे दोन तास आणि ५० सुवर्णमुद्रा खर्चून, स्वतःच्या वहीत उतरवता येते. अन्य कोणत्याही जादुई पात्राला ही वाट अशी मोकळी नाही. सॉर्सररला (उपजत जादू असलेल्या पात्राला) जेवढे येते तेवढेच येते, विझर्ड मात्र शोध घेत घेत वाढतो. म्हणून पहिल्याच बैठकीत आपल्या डीएमला स्पष्ट सांगावे की, लुटीत माझा वाटा सोन्याऐवजी कागदाच्या रूपाने मिळाला तरी चालेल. ते जुने देऊळ, तो पडका किल्ला यांत जाण्याचे तुमच्या पात्राला स्वतःचे कारण मिळेल आणि डीएमलाही कथा पुढे नेणे सोपे जाईल.

दुसऱ्या विझर्डची वही वाचण्याआधी त्याची स्वतंत्र लेखनपद्धती उलगडावी लागते, असे नियमातच म्हटले आहे. आपल्याकडे याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे केंद्र, आणि या पंथातील विद्वानांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून शतकानुशतके जपले. ज्ञान जपण्यासाठी लिपी रचणारी माणसे आपल्याच विदर्भात होऊन गेली, ही गोष्ट मला विझर्डच्या कोणत्याही आयत्या चित्रापेक्षा अधिक भारून टाकणारी वाटते. पंथाचे नाव वा त्याच्या श्रद्धा खेळात आणू नयेत. सांकेतिक लिपीत लिहिलेली गुरूची पोथी आणि तिची अर्धवट उलगडलेली पाने एवढी कल्पना घेतली तरी पात्राला पाया मिळतो.

वहीची दुसरी प्रत मात्र सवड मिळताच करून ठेवावी. स्वतःच्याच वहीवरून नक्कल करताना लेव्हलमागे एक तास आणि दहा मुद्रा एवढाच खर्च येतो. नदी ओलांडताना किंवा आगीत सापडल्यावर वहीचे काय होते, हे मी डीएम म्हणून नक्की विचारतो.

मेळघाटी

पात्राविषयी एक सूचना. दुसऱ्या लेव्हलला आपण जादूची डिव्हिनेशन (भविष्य जाणण्याची) ही शाखा निवडावी आणि पात्र पिंगळ्यावरून रचावे.

ही शाखा घेतल्यावर प्रत्येक लाँग रेस्टनंतर (रात्रभराच्या विश्रांतीनंतर) वीसबाजू फासा दोनदा टाकून ते आकडे लिहून ठेवायचे असतात. त्यानंतर कोणी अटॅक रोल (वाराचा फासा), सेव्हिंग थ्रो किंवा ॲबिलिटी चेक (गुणाच्या कसोटीचा फासा) करण्याच्या बेतात असेल, मग तो आपला साथीदार असो वा समोर दिसणारा शत्रू, त्याचा फासा पडण्यापूर्वी आपला आकडा त्याच्या जागी ठेवता येतो. आता पिंगळा आठवा. तो पहाटे दारी येतो, पिंगळा पक्ष्याची भाषा त्याला कळते असे लोक मानतात, आणि उजाडायच्या आत तो भविष्य सांगून पुढच्या दारी जातो. पहाटेच दिवसाचे दोन आकडे जाणणारा विझर्ड आणि त्याच्या खांद्यावर फॅमिलियर म्हणून घुबड: नियम आणि लोकपरंपरा इतक्या सहज जुळून येण्याचा योग क्वचितच येतो. डीएमचे राज्य अरण्याचे आहेच. शंभराहून अधिक वर्षे नजरेआड राहिलेला रानपिंगळा (एक दुर्मीळ घुबड) १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि आमच्या मेळघाटातही तो आहे, तेव्हा फॅमिलियरचे रूप ठरवताना त्याचाच विचार व्हावा.

या शाखेत पडेल आकडाही वाया जात नाही, आणि माझ्या लेखी हेच तिचे मोठेपण. पहाटे १८ आला तर तो रोगच्या निर्णायक वारासाठी राखावा. ३ आला तर तो शत्रूच्या सेव्हिंग थ्रोच्या जागी बसवावा आणि हिडिअस लाफ्टर टाकावे. वर ते स्पेल यादीत आले आहे, त्याचे खरे चीज इथे होते. स्लीपला सेव्हिंग थ्रो नसल्याने तिथे या आकड्यांचा उपयोग नाही, हे ध्यानात ठेवावे. मोफत मिळणाऱ्या नियमांमध्ये इव्होकेशन ही एकच शाखा दिलेली आहे, त्यामुळे डिव्हिनेशनसाठी गटात कोणाकडे तरी ‘प्लेयर्स हँडबुक’ हे नियमांचे पुस्तक असावे लागेल.

रविवारची_फेरी

आपल्या सर्वांचे मनःपूर्वक आभार. पिंगळ्याची कल्पना डीएमलाही फार आवडली. दोन शंका उरतात. घुबड अशुभ मानले जाते, तेव्हा खेळातील गावकरी माझ्या पात्राला गावात घेतील का? आणि पात्राचा इंटेलिजन्स १६ असला तरी त्या जगाचा इतिहास मला स्वतःला ठाऊक नाही. मग विद्वान माणूस रंगवायचा कसा?

मेळघाटी

गावकरी बिचकले तर बिचकू द्यावे, त्यातून चांगले प्रसंग निर्माण होतात. अगदीच अडचण झाली तर एक ॲक्शन खर्चून फॅमिलियरला तात्पुरते अदृश्य कप्प्यात पाठवता येते आणि वेशीबाहेर पडल्यावर परत बोलावता येते. घुबडाचा मोठा लाभ लढाईत आहे. ते स्वतः हल्ला करू शकत नाही, पण झेपावत येऊन शत्रूचे लक्ष विचलित करते आणि त्याच्या उडण्याच्या खास क्षमतेमुळे, निघून जाताना शत्रूला त्याच्यावर आयता वार करता येत नाही. या मदतीमुळे रोगला ॲडव्हांटेज (दोन फाशांतला मोठा आकडा घेण्याची सवलत) मिळतो आणि त्याचा स्नीक ॲटॅक (जादा नुकसानीचा वार) लागू होतो. ते मेले तर धूप, कोळसा आणि औषधी वनस्पती यांची दहा मुद्रांची सामग्री पितळी शेगडीत जाळून पुन्हा बोलावावे लागते, तेव्हा तेवढी रक्कम बाजूला ठेवावी.

महालवासी

दुसऱ्या शंकेचे उत्तर नियमांतच आहे. आर्केना (जादूचे ज्ञान) आणि हिस्टरी ही दोन्ही कौशल्ये घ्यावीत आणि काही नवे दिसले की “हे मला कुठे वाचल्याचे आठवते का?” असे डीएमला विचारावे. फासा चांगला पडला तर डीएम जे सांगेल ते आपल्या शब्दांत, पात्राच्या तोंडून, साथीदारांना ऐकवावे. तुमच्या टेबलावर मराठीतून बोलणे होत असल्याने हे विशेष रंगेल. स्वतःची पाळी येण्यापूर्वी प्रत्येक प्रिपेअर केलेल्या स्पेलचा पल्ला, कालावधी आणि कॉन्सन्ट्रेशन लागते की नाही, एवढे एका कार्डावर लिहून समोर ठेवावे. हिडिअस लाफ्टर चालू असताना कॉन्सन्ट्रेशनचे दुसरे स्पेल टाकले तर पहिले तत्क्षणी संपते, आणि हसून लोळणारा शत्रू त्याच्या पुढच्या पाळीला उठून उभा राहतो.